जमिनीखालच्या इंधनटाकीची गळती: शोध आणि सफाई

पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलके. टाकीतून किंवा पाइपच्या सांध्यातून झिरपले की मातीतून खाली उतरते आणि भूजलावर तरंगते. पाणीपातळी वर-खाली होते तसा हा थरही सरकतो आणि वाटेतली माती माखून ठेवतो. सफाई फसते ती बहुतेक वेळा या माखलेल्या पट्ट्यामुळे. त्यामुळे तपास करताना पहिले लक्ष त्याच्याकडेच हवे.

आधी गळती थांबवा, टाकी रिकामी करा. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ टक्के झाली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बाष्पमापकावर (हवेतली वाफ मोजणारे यंत्र) त्याचा दहावा भाग दिसला तरी काम थांबवा. मातीचे नमुने टाकीच्या दोन्ही टोकांखालून, भरणा-नळीखालून, पंपाखालून आणि पाइपच्या प्रत्येक सांध्याखालून घ्या. जागेवर चाचपणी करायची तर झिपची पिशवी अर्धी मातीने भरून बंद करा, ढेकळे फोडा, १० मिनिटे थांबा आणि आतल्या हवेत बाष्पमापकाची नळी घाला. डिझेलची वाफ कमी उठते. आकडा लहान आला म्हणून माती स्वच्छ ठरत नाही, नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा.

निरीक्षण विहिरींसाठी ५० मिमीचा, आट्यांचा पीव्हीसी पाइप वापरा. सांध्यांना सॉल्व्हंट लावू नका, ते नमुन्यात उतरते. पाइपचा जाळीचा भाग (बारीक फटींचा, जिथून पाणी आत येते) पाणीपातळीच्या दोन्ही बाजूंना हवा: साधारण १.५ मीटर वर, ३ मीटर खाली, आणि वर्षातली सर्वांत उंच पातळी धरून. जाळीचे वरचे टोक पाण्याखाली गेले तर तरंगता थर विहिरीत शिरतच नाही, आणि अहवालात ‘इंधन आढळले नाही’ असे लिहिले जाते. ही चूक फार महाग पडते. जाळीभोवती आणि तिच्या थोडी वरपर्यंत गाळण-वाळू, त्यावर किमान ६० सेंमी बेंटोनाइट (पाण्याने फुगून फट बंद करणारी माती), मग सिमेंटचे मिश्रण.

अशा किमान तीन विहिरी घ्या, त्याही त्रिकोणात. एका रेषेत असतील तर प्रवाहाची दिशा काढता येत नाही. पातळ्या एकाच दिवशी मोजा. विहिरीत दिसणारी इंधनाची जाडी जमिनीतल्यापेक्षा बरीच जास्त असू शकते, विशेषतः चिकणमातीत. तिच्यावरून थेट लिटर काढू नका.

पाण्याचा नमुना मिनिटाला १०० ते ५०० मिली इतक्या संथ उपशाने घ्या. बादलीने ढवळले की बेंझिन (पेट्रोलमधला विषारी, उडून जाणारा घटक) उडून जाते. ४० मिलीच्या कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणा आणि कुपी काठोकाठ भरा. उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नमुना पुन्हा. ४ अंशांवर ठेवून १४ दिवसांत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील बेंझिनची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे इथे निष्काळजीपणाला जागाच नाही.

सफाईत आधी तरंगता थर उपसा. उथळ माखलेली माती खणून काढणे सर्वांत खात्रीचे. खोल आणि वाळूमय असेल तर मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवा पंपाने ओढून पेट्रोलची वाफ काढता येते. चिकणमातीत हवा फिरत नाही, आणि डिझेल फारसे उडत नाही. पाण्याखाली हवा सोडण्याची पद्धत थर शिल्लक असताना वापरू नका. थर बाजूला ढकलला जातो आणि वाफ शेजारच्या तळघरात शिरू शकते.

जिवाणू इंधन खातात, पण १ ग्रॅम बेंझिनला सुमारे ३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८-९ मिलिग्रॅम विरघळतो, लिटरभर हवेत मात्र जवळपास २८० मिलिग्रॅम असतो. पाणीपातळीच्या वरच्या मातीला म्हणूनच हवा द्या.

नुसते पाणी उपसत राहिलात तर आकडे छान उतरतात. पंप बंद केला की माखलेल्या पट्ट्यातून बेंझिन पुन्हा सुटते. यंत्रणा बंद केल्यावर किमान वर्षभर, दर तीन महिन्यांनी नमुने घ्या आणि त्यात पातळी सर्वांत वर व सर्वांत खाली असतानाचे दिवस नक्की धरा.