बासरीचा सूर अचानक बिघडला? आधी या चुका टाळा

काल संध्याकाळपर्यंत बासरी गोड वाजत होती. आज सकाळी हातात घेतली तर मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम नुसता फुसफुसतो, तार म्हणजे वरचं सप्तक किंचाळतं आणि पंधरा मिनिटांत ओठ दुखायला लागतात. हे ज्याच्यावर ओढवलंय त्यालाच त्या सकाळची भीती कळेल. माझ्या बाबतीत ते बारा दिवस चाललं होतं.

एक गोष्ट मात्र पक्की धरून चाला. वर्षानुवर्षांची तयारी एका रात्रीत जात नाही. सूर हळूहळू बिघडला तर सवयींकडे बघावं, पण तो एकाएकी गेला असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी एखादीच बारीक गोष्ट हललेली असते. ती शोधायच्या आधी आपण जे उपाय करतो, त्यांनीच खरं नुकसान होतं.

जोरात फुंकू नका

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बासरीत सूर तयार होतो तो हवेच्या पातळ झोतामुळे. ओठांतून निघालेला झोत फुंकायच्या छिद्राच्या समोरच्या काठावर जातो आणि सेकंदाला शेकडो वेळा काठाच्या आत-बाहेर हेलकावतो. तो काठावर नेमका बसला नाही तर कितीही दम लावा, हवेचाच आवाज वाढतो. शिवाय जोर लावला की सूर चढतो आणि मंद्राचा स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. मग तो खाली आणायला आपण ओठ आवळतो, बासरी हनुवटीवर दाबतो, मान वाकवतो. चार दिवसांत मूळ बिघाड राहतो बाजूला आणि या नव्या सवयी अंगात मुरतात. बारा दिवसांनी माझं कारण सापडलं, तरी ओठांतला ताण जायला पुढे महिना लागला.

बासरी न तपासता स्वतःला दोष देऊ नका

आपली बासरी दुसऱ्या जाणत्या वादकाला वाजवायला द्या आणि त्याची आपण वाजवा. पाच मिनिटांत निम्मा प्रश्न सुटतो. सोबत कुणी नसेल तर मध्य षड्जापासून (मधल्या सप्तकातल्या सा पासून) एकेक भोक बंद करत एकेक स्वर खाली या. माझ्या बासरीवर सा स्वच्छ होता, निषादही ठीक होता, पण धैवतापासून खाली सगळी हवा. ओठ बिघडले असते तर सगळेच स्वर बिघडले असते. एका ठरावीक बोटापासून खाली सूर मरत असेल तर हवा गळतेय, असं समजा.

आणि तसंच निघालं. सगळी भोकं बोटांनी बंद केली, खालचं टोक मांडीवर घट्ट टेकवलं आणि फुंकायच्या छिद्रातून हवा हलकेच ओढली. आत ओढ टिकायला हवी होती, ती टिकेना. मग बासरी खिडकीपाशी तिरपी धरली, तेव्हा चौथ्या आणि पाचव्या भोकामध्ये केसाएवढी चीर दिसली. कोरड्या हवेत बांबू असा तडकतो. चिरेत मेण भरून वरून बारीक दोरा घट्ट गुंडाळला आणि पंचम परत आला. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं होतं.

बांबूच्या बासरीत फुंकायच्या छिद्राजवळचं, बंद टोकाचं बूच सैल झालंय का तेही बघा. चाव्यांच्या धातूच्या (पाश्चात्त्य) बासरीत संशय आधी पॅडवर, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्यांवर घ्या. पॅडखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून चावी हलकेच दाबा आणि पट्टी ओढा. ती सगळ्या बाजूंनी सारखी अडली पाहिजे. या बासरीच्या हेडजॉइंटमधलं (फुंकायच्या वरच्या भागातलं) बूच छिद्राच्या मध्यापासून साधारण 17 मिलिमीटरवर असतं. साफसफाईच्या काठीवर त्याची खूण असते. बूच सरकलं की सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत.

थंडीत बासरी उतरते, तो बिघाड नव्हे. तापमान 10 अंशांनी उतरलं की सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका खाली येतो. वाजवायच्या आधी ती फुंकून गरम करा.

कानावर आंधळा विश्वास ठेवू नका

सर्दीने कान दडपले असतील किंवा खोली बदलली असेल, तर तोच सूर मेल्यासारखा वाटतो. सहा-सात फुटांवर फोन ठेवून रेकॉर्डिंग करा आणि जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. कधीकधी सूर बिघडलेलाच नसतो.

एकाच वेळी पाच गोष्टी बदलू नका

बासरी ठणठणीत असेल तर आरशासमोर उभे राहा. बासरी नकळत आत वळणं हा नेहमीचा दोष. खालच्या ओठाने छिद्राचा साधारण तिसरा हिस्सा झाकावा. त्याहून जास्त झाकला की सूर बारीक होऊन उतरतो, कमी झाकला की तो चढतो आणि हवा मिसळते. धातूच्या बासरीवर छिद्रापलीकडे वाफेचा त्रिकोण उमटतो. तो एका बाजूला सरकला असेल तर झोत वाकडा जातोय. फाटलेले ओठ, दाताचं नवं काम, वरच्या ओठावर उतरलेली मिशी, यातलं काहीही पुरेसं असतं. एक गोष्ट बदला, दोन दिवस वाजवा, मग दुसरीकडे वळा.

तासन्‌तास रियाज करू नका

थकलेला ओठ चुकीचंच शिकतो. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा, एवढं पुरे. जो स्वर अजूनही चांगला लागतोय तिथून सुरुवात करा, तो लांब धरा आणि त्याचा रंग, म्हणजे आवाजाचा पोत, तसाच ठेवून शेजारच्या स्वरावर उतरा. रंग गेला की परत मागे या. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते पंचमाचं काम: सगळी भोकं बंद ठेवून मंद्र पंचम, मग बोट न हलवता मध्य पंचम. वर जाताना जोर वाढवायचा नाही, ओठांची फट लहान करून ओठ किंचित पुढे न्यायचे. सुरुवातीला दहातून तीनदा जमेल, चालेल.

ओठ बधिर वाटत असेल, वाजवताना आपोआप थरथरत किंवा वाकडा होत असेल, तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्याची एक बाजू अचानक ढिली पडली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.