नाशिकमध्ये लग्नाचा डीजे व्हायचंय? सुरुवात माईकपासून करा

लग्नाच्या डीजेची परीक्षा मंगलाष्टकांच्या वेळी होते. अंतरपाट धरलेला असतो, मुलीची आत्या स्वतः रचलेली अष्टकं म्हणायला कागद घेऊन उभी असते, आणि नेमका तेव्हाच माईक शिट्टी मारतो. सगळा मांडव वळून तुमच्याकडे बघतो. म्हणून या धंद्यात येणाऱ्या मुलांना मी आधी माईक सांभाळायला शिकवतो, गाणी मिसळायला नंतर.

एक हंगाम साऊंडवाल्याकडे काढा

तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू होतात आणि आषाढी एकादशीनंतर काम थंडावतं. एवढा एक हंगाम कुणाच्या तरी हाताखाली खोकी उतरवा, वायरी गुंडाळा. तिथे शिकायचं ते असं: स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवायचे. माईक शिट्टी मारू लागला तर आधी त्याचाच आवाज उतरवायचा. माईक जाळीवर मूठ आवळून धरला तरी शिट्टी येते, म्हणून गुरुजींना आणि आत्याबाईंना तो दांड्याला धरायला आदराने सांगायचं. कॉर्डलेस माईकचे सेल मुहूर्ताआधी नवे घालायचे आणि वायरचा एक माईक चालू करून बाजूला तयार ठेवायचा. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की हात फेडरवर, म्हणजे आवाज चढवायच्या-उतरवायच्या सरकपट्टीवर, कारण शेवटच्या ‘सावधान’ला वाजंत्री लागलीच वाजली पाहिजे. मध्ये दोन सेकंद शांतता गेली तरी अक्षता टाकणारे हात अडखळतात.

वीजही इथेच शिका. लॉन्सवर लाईट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सगळं बंद पडतं. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण माईक आणि गाण्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर तगत नाही, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. स्पीकर सर्वांत शेवटी चालू करायचे आणि सर्वांत आधी बंद. अर्थिंग तपासल्याशिवाय कुणाच्या हातात वायरचा माईक देऊ नका. ओल्या हिरवळीवर हा जिवाशी खेळ आहे.

सामान थोडं घ्या

कर्ज काढून स्पीकरची मोठी भिंत उभारायची घाई नको. दोन चॅनलचा कंट्रोलर (दोन गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र), लॅपटॉप, हेडफोन आणि एक उत्तम वायरचा माईक स्वतःचा असावा. टॉप आणि बेस हे मोठे स्पीकर भाड्याने मिळतात. गाणी ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, जवळ उतरवून घेतलेली आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत असलेली हवीत. शहराबाहेरच्या लॉन्सवर नेटच्या भरवशावर बसू नका.

घरच्यांशी बोला

आठवडाभर आधी घरी जाऊन बसा. मला या कामातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. सिडको, सातपूरकडे खान्देशातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्या हळदीला अहिराणी गाणी नसतील तर आजी उठतच नाही. दिंडोरी-पेठ भागात संबळ-पिपाणीच्या चालीवर पाय हलतात. कुठलं गाणं कुणासाठी, हे वहीत लिहून घ्या. नावांचे उच्चार विचारा. आणि हळू आवाजात हेही विचारा, की घरात अलीकडे कुणी गेलंय का. वडील नसलेल्या मुलीच्या लग्नात ‘वधूपित्याने मंचावर यावं’ असं पुकारलेलं मी ऐकलं आहे. त्या मुलीचा चेहरा मी विसरू शकत नाही.

हळदीला आधी पोरं, मग आत्या-मावश्या, मग मित्रमंडळी, अशी चढण ठेवा. संथ गाण्यावरून एकदम मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीवर उडी मारली तर आत्या-मावश्या बसून घेतात. पंगत सुरू झाली की आवाज इतका उतरवा, की वाढप्याला ‘भात आण’ ऐकू जाईल. वरातीत नाशिक ढोल असेल तर पथकप्रमुखाशी आधीच ठरवा: ढोल वाजताना तुम्ही थांबायचं.

कायदा पाठ करा

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, तिथे दिवसाही ५० च. पोलीस परवानगी कुणी काढायची, हे सुपारी घेतानाच ठरवा. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्नही येतो: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. लॉन्सवाल्याने विचारलं तर हे सांगता आलं पाहिजे.

व्यवहार लिहून

इसार घेतल्याशिवाय तारीख अडकवू नका. किती तास, वाढीव तासाचे किती, जनरेटर कुणाचा, गाडीभाडं, पोरांचं जेवण, हे सगळं कागदावर हवं. दाट तिथीला दोन सुपाऱ्यांचा मोह होतो, पण पहिली हळद लांबली की दुसऱ्या घरचा मुहूर्त तुमच्यासाठी थांबत नाही.

पहिल्या सुपारीच्या पैशातून चांगले इअरप्लग घ्या. ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसात आठ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. मी पाच हंगाम उशीर केला. आता रात्री घर शांत झालं की माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते.