इस्त्रीच्या मण्यांचा संकासुर

शिमग्यात खेळ्यांसोबत (घरोघर नाचत फिरणाऱ्या मंडळींसोबत) येणारं संकासुराचं सोंग इस्त्रीने वितळवून जोडायच्या प्लॅस्टिकच्या मण्यांना चांगलं मानवतं; त्याचाच हा टांगायचा बाहुला. काळा वेश, टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू एवढं जमलं की कोकणातला माणूस त्याला लांबूनही ओळखतो. गावागणिक त्याचं रूप थोडं बदलतं, तसे रंग बदलून घ्या.

मणी ५ मिमीचे फ्यूज बीड्स घ्या. काळे १४७, पांढरे २३, पिवळे १३, तपकिरी १० आणि लाल ४, असे एकूण १९७. सगळे एकाच कंपनीचे असू द्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे मणी एकाच वेळी वितळत नाहीत, मग दाढी सपाट होते आणि अंगाचे मणी कच्चे राहतात. शिवाय २९ × २९ खुंट्यांचा चौकोनी पेगबोर्ड, रुंद मास्किंग टेप, दाभण, चिमटा आणि सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर लागेल. मेण लावलेला कागद चालणार नाही, त्याचं मेण मण्यांवर उतरतं.

बोर्डावर वरून तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करा. डावीकडून पंधरावी खुंटी हा मध्य, आणि प्रत्येक ओळ त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी.

ओळ १: १ लाल. २: १ काळा. ३: ३ काळे.
४: काळा, रिकामी खुंटी, काळा. दोरा इथून जाईल.
५ व ६: ५ काळे. ७: ७ काळे.
८ (डोळे): २ काळे, १ पांढरा, १ काळा, १ पांढरा, २ काळे.
९ (तोंड): २ काळे, ३ लाल, २ काळे.
१०: ७ पांढरे.
११: ३ काळे, ५ पांढरे, ३ काळे.
१२: ४ काळे, ५ पांढरे, ४ काळे.
१३: ५ काळे, ३ पांढरे, ५ काळे.
१४: ६ काळे, १ पांढरा, ६ काळे.
१५: १३ काळे.
१६ (हात): तपकिरी, ११ काळे, तपकिरी.
१७: ९ पिवळे.
१८ (घुंगरू): काळा-पिवळा आलटून पालटून ९, दोन्ही टोकांना काळा.
१९ व २०: ९ काळे.
२१ ते २४ (पाय): ४ काळे, मधली खुंटी रिकामी, ४ काळे.
२५: तसेच ४ आणि ४ तपकिरी.

बाहुला साधारण १२.५ सेमी उंच होतो. हातात काठी किंवा दोर द्यायचा असेल तर लक्षात ठेवा, खाली दिलेल्या पद्धतीत बोर्डाला टेकलेली बाजू आधी भाजली जाते. तीच दर्शनी ठेवलीत तर चित्र उलटं दिसेल.

थेट बोर्डावर इस्त्री फिरवली तर बोर्ड वाकतो, म्हणून टेप वापरा. मण्यांवर टेपच्या पट्ट्या किंचित एकमेकींवर चढवून लावा, नीट दाबा आणि प्रत्येक मण्याच्या भोकावर दाभणाने टोचा, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल. मग अलगद उचलून टेप खाली येईल असं टेबलावरच्या सुती कापडावर ठेवा. गादीवर नको, मणी खचतात.

इस्त्री मध्यम तापमानावर, वाफ पूर्ण बंद. टाकीत पाणी राहिलं असेल तर ओतून टाका. पंखा बंद करा, खिडकी मात्र उघडी ठेवा. मण्यांवर बेकिंग पेपर घालून हलक्या हाताने गोल फिरवत १० ते २० सेकंद भाजा. सुरुवातीलाच जोर दिला तर मणी सरकतात; एका जागी थांबलात तर इस्त्रीच्या भोकांचे ठसे उठतात. विजेचा दाब कमी असेल तर वेळ वाढवा, तापमान नाही.

काळ्या मण्यात भोक कितपत मिटलं ते कळत नाही. दाढीकडे बघून अंदाज घ्या आणि मग बॅटरीच्या तिरक्या उजेडात काळा भाग तपासा. भोक अर्धं मिटलं की पुरे. पांढरे पिवळट दिसू लागले म्हणजे जास्त भाजलं गेलं.

कागद न काढता वर जड पुस्तक ठेवा. पूर्ण गार झाल्यावर कागद आणि मागची टेप काढा, दुसरी बाजूही तशीच भाजा आणि पुन्हा वजनाखाली ठेवा. ही घाई महागात पडते, कारण गरम असतानाच उचललेला बाहुला कडेने वर वळतो. वळलाच, तर कागद घालून पुन्हा थोडा गरम करा आणि दाबा.

टोपीचं टोक एकेका मण्यावर उभं असल्याने सगळ्यात आधी तेच तुटतं. तिथे दोन्ही बाजू नीट भाजा. ओवायला रेशमी किंवा सुती दोरा घ्या. साधी लोखंडी कडी खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते आणि डाग पडतात. उरलेले मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.