लैंगिक कामगार महिलांच्या संस्थेसाठी बहुभाषिक संकेतस्थळ उभारताना

मुंबईत लैंगिक कामगार महिलांच्या हक्कांसाठी काम करणारी एखादी संस्था संकेतस्थळ करायला घेते, तेव्हा पहिली चर्चा भाषांच्या संख्येवर होते. मराठी आणि हिंदी गृहीतच असतात. कामाठीपुऱ्याला ज्यांच्यावरून नाव मिळाले ते कामाठी मजूर तेलंगणातून आले होते, त्यामुळे तेलुगू तिथे नवी नाही. कर्नाटकातून आलेल्या महिलांसाठी कन्नड लागते, आणि बंगाली व नेपाळी वगळल्या तर फॉकलंड रोडवरच्या अनेक खोल्यांपर्यंत संकेतस्थळ पोहोचतच नाही. यादी करणे सोपे आहे. मात्र या शहरात बंगाली निवडणारी बाई बांगलादेशी असल्याचा संशय घेतला जातो, नेपाळी निवडणारीकडे ‘कोणीतरी आणलेली’ म्हणून पाहिले जाते, आणि म्हणून तिने कोणती भाषा निवडली ही नोंद तिच्या नावाइतकीच जपावी लागते. पुढील सूचना या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

भाषेची निवड कुठे कुठे उमटते

बहुभाषिक संकेतस्थळाची रूढ पद्धत अशी की प्रत्येक भाषेचा पत्ता वेगळा असतो आणि पत्त्यातच भाषेची खूण असते. शोधयंत्रांसाठी ती उत्तम आहे. येथे मात्र तीच खूण फोनच्या हिस्टरीत, सर्व्हरच्या नोंदवहीत आणि पुढे पाठवलेल्या दुव्यात राहते. त्यामुळे मदतीच्या पानांसाठी सर्व भाषांना एकच पत्ता ठेवावा, सहाही भाषांचा मजकूर एकदमच पाठवावा आणि भाषाबदल ब्राउझरच्या आतच घडवून आणावा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरी, बंगाली, तेलुगू आणि कन्नड यांच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, हे ऐकून डेटाची चिंता वाटते. पण निव्वळ मजकूर संकुचित करून पाठवला तर सहा भाषांचे ओझे बहुधा एका साध्या छायाचित्राहून जास्त होत नाही. या पद्धतीत बंगालीचा थेट दुवा कोणाला पाठवता येत नाही आणि ही पाने शोधयंत्रात नीट सापडत नाहीत. संस्थेचा परिचय, अहवाल आणि देणगीची पाने नेहमीच्या पद्धतीने करून हा तोटा मदतीच्या पानांपुरता ठेवता येतो, आणि तेवढा तो सोसावा असे माझे मत आहे.

एवढे करूनही निवड दुसऱ्या वाटेने बाहेर पडू शकते. बाईने बंगाली निवडल्यावर बंगाली लिपीचा फॉन्ट सर्व्हरवरून मागवला गेला, तर त्या एका मागणीवरूनच भाषा कळते. फॉन्ट बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल तर ती त्या कंपनीलाही कळते. अँड्रॉइड फोनमध्ये भारतीय लिप्यांचे फॉन्ट सहसा असतातच, त्यांवर भागवावे. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर फोनच्या भाषेचा उल्लेख पाठवतो. तो सर्व्हरच्या नोंदीत साठू देऊ नये, आणि आयपी पत्त्यासह मदतीच्या पानांची नोंद ठेवणेच बंद करावे. भेटी मोजणारी बाहेरची साधने आणि आयते नकाशे याच कारणाने टाळावेत. निवडलेली भाषा फोनवर कायमची लक्षात ठेवण्याचा मोहही आवरावा. टॅब बंद होताच ती विसरली जावी.

भाषा निवडण्याच्या पानावर झेंडे लावू नयेत. आम्ही एका पहिल्या मसुद्यात ते लावले होते आणि बंगालीसाठी कोणता झेंडा, या प्रश्नावर बैठक थांबली तेव्हा चूक लक्षात आली. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत, मोठ्या अक्षरात द्यावे आणि शेजारी ते नाव ऐकण्याचे बटण असावे, कारण स्वतःची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकीला ती वाचता येते असे नाही.

शब्द कोणाचे

यंत्राकडून केलेले भाषांतर पहिला खर्डा म्हणून चालेल. पण ते तसेच प्रसिद्ध करणे म्हणजे या महिलांशी त्यांना अपरिचित भाषेत बोलणे होय. सरकारी मराठीत ‘देहविक्री करणाऱ्या महिला’ असे लिहिले जाते. आपण देह विकत नाही, सेवा देतो, असे सांगणाऱ्या महिलेला तो शब्द खटकतो. सांगली भागातील संघटित महिलांनी तर ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या आपल्या नावातच तो हिणवणारा शब्द ताठ मानेने घेतला आहे, आणि रोजच्या बोलण्यात बहुतेकजणी सरळ ‘धंदा’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली लिंगभेदी शब्दांविषयीच्या पुस्तिकेत एक पर्याय सुचवला आणि काही संस्थांच्या आक्षेपानंतर त्याच वर्षी तो बदलला. न्यायालयाचीच ही स्थिती असेल तर कार्यालयात बसून एक ‘योग्य’ शब्द ठरवण्याचा हट्ट सोडलेला बरा.

व्यवहारात प्रत्येक भाषेसाठी तीन-चार महिलांचा लहान गट करावा, त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे आणि साठ-सत्तर शब्दांचा कोश आधी पक्का करावा. ‘छापा’ असे छापील मराठी म्हणते, गल्लीत ‘रेड’ पडते. ‘संमती’पेक्षा ‘राजीखुशी’ पटकन कळते. ‘ग्राहक’ दुकानात असतो, इथे ‘गिऱ्हाईक’ असते. ‘कुंटणखान्याची चालक’ हा शब्द न्यायालयाच्या कागदांत शोभतो, पण बाई ‘घरवाली’ म्हणते. हिंदी मजकूर तर आकाशवाणीच्या हिंदीत न लिहिता ग्रँट रोडला चालणाऱ्या हिंदीत लिहावा, कारण तेलुगू आणि नेपाळी बोलणाऱ्या महिलांची आपसातली भाषा तीच असते. रस्त्यांची नावेही दोन्ही द्यावीत: फॉकलंड रोडच्या पाटीवर पठ्ठे बापूराव मार्ग असला, तरी त्या शाहिराच्या नावाने टॅक्सीवाल्याला पत्ता सांगणारी व्यक्ती मला अजून भेटलेली नाही.

संबोधनाचा एक बारकावा भाषांतरकारांना आधीच सांगून ठेवावा. मराठीत ‘तुम्ही कुठे राहता’ हे स्त्री, पुरुष, हिजडा, ट्रान्स व्यक्ती अशा कोणालाही लागू पडते. हिंदीत मात्र ‘आप रहती हैं’ की ‘रहते हैं’ हे ठरवावे लागते. पुरुष आणि ट्रान्स लैंगिक कामगारही हेच पान वाचणार असल्याने हिंदी वाक्ये ‘आपका घर किस इलाके में है’ अशी फिरवून लिहावीत. बंगालीत क्रियापदाला लिंग नसल्याने ही अडचणच येत नाही.

कायद्याचा मजकूर

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण चुकीच्या भाषांतरावर विसंबून एखादी महिला पोलिसांसमोर उभी राहणार असते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेले लैंगिक काम हा स्वतंत्र गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे, अधिसूचित भागात किंवा ठरावीक सार्वजनिक स्थळांपासून २०० मीटरच्या आत व्यवसाय करणे हे गुन्हे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन महिलांना मुक्त करताना हीच भूमिका मांडली होती. ‘धंदा कायदेशीर आहे’ असे एका वाक्यात लिहिणे सोयीचे वाटते, पण ते अर्धसत्य आहे.

त्याहून नाजूक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाचे आहे. कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये, लैंगिक अत्याचार झालेल्या लैंगिक कामगार महिलेला तातडीने वैद्यकीय मदत मिळावी, माध्यमांनी ओळख उघड करू नये, या न्यायालयानेच नेमलेल्या समितीच्या शिफारशी राज्यांनी काटेकोरपणे पाळाव्यात असे त्यात म्हटले आहे. छाप्यात या महिलांना अटक करू नये ही समितीची शिफारसही आदेशात उद्धृत आहे. परंतु केंद्र सरकारने ज्या शिफारशींवर आक्षेप नोंदवला त्यांत ती होती आणि राज्यांना बंधनकारक केलेल्या यादीत तिचा समावेश नव्हता. अनेक ठिकाणी हे दोन्ही भाग एकत्र करून ‘आता पोलीस अटक करूच शकत नाहीत’ असे लिहिले गेले आहे. म्हणून कोशात ‘आदेश’ आणि ‘शिफारस’ यांना सहाही भाषांत वेगवेगळे, बोलीतले पर्याय ठरवून घ्यावेत आणि मजकूर वकिलाकडून तपासून मगच भाषांतराला द्यावा. कायद्यातील ठोस तरतुदी अधिक उपयोगी पडतात: झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस अधिकारी सोबत असणे आवश्यक आहे, ही एक ओळ पानाच्या वरच्या भागात असावी. शेजारी १५१०० हा विधी सेवेचा आणि १०९७ हा एड्सविषयक मदतीचा क्रमांक द्यावा.

प्रत्येक परिच्छेदाला आवृत्ती क्रमांक आणि तपासणीची तारीख जोडावी. मूळ मजकूर बदलला आणि कन्नड भाषांतर मागे राहिले, तर जुना कन्नड परिच्छेद आपोआप झाकला जाऊन त्या जागी ‘ही माहिती बदलली आहे, संस्थेला फोन करा’ ही आधीच भाषांतरित केलेली ओळ दिसावी. त्या जागी इंग्रजी दाखवण्याची नेहमीची सोय येथे निरुपयोगी आहे.

देवनागरीच्या खाचाखोचा

मराठी, हिंदी व नेपाळी एकाच लिपीत असल्या तरी एचटीएमएलमध्ये प्रत्येकीची भाषाखूण वेगळी द्यावी, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास मराठी वळणाचे ल आणि श दिसतात आणि पडद्यावरचे वाचन करणारे साधन योग्य उच्चार करते. शोधाची सोय देणार असाल तर ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो आणि ‘ॲ’ हे अक्षरही, हे लक्षात घेऊन दोन्ही रूपे शोधापूर्वी एक करावीत. दूरध्वनी क्रमांक देवनागरी अंकांत दाखवले तरी दुव्याच्या आत ते इंग्रजी अंकांतच असावेत.

आवाज आणि फोन

वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक परिच्छेद ध्वनिमुद्रित करावा. एक मुद्दा, एक मिनिट, त्याहून लांब नको. मुद्रणासाठी त्याच गल्लीतल्या पिअर ताईचा (महिलांमधूनच पुढे आलेल्या कार्यकर्तीचा) आवाज घ्यावा असे मनात येते, पण ओळखीचा आवाज बाहेरून ऐकू आला तर ऐकणारी आणि बोलणारी दोघीही उघड्या पडतात. दुसऱ्या शहरातील संघटनेच्या सदस्यांकडून मुद्रण करून घ्यावे. ध्वनी आपोआप सुरू होता कामा नये, आणि फाइलींच्या नावांत भाषा किंवा विषय लिहू नये.

फोन अनेकदा एकटीचा नसतो. तो घरवाली, मुलगा किंवा ‘आदमी’ (जोडीदार) यांच्याही हाती असतो. त्यामुळे संकेतस्थळाचे नाव, टॅबवरचे शीर्षक आणि चिन्ह साधे, काहीही न सुचवणारे असावे. व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवताच जो छोटा मथळा आणि चित्र दिसते ते पान बनवणाऱ्यानेच ठरवायचे असते, आणि नेमके तेच तपासायचे राहून जाते. ‘लगेच बाहेर पडा’ हे बटण द्यावे, पण त्याने हिस्टरी पुसली जात नाही, हे त्याच्या शेजारी स्पष्ट लिहावे. खोटा भरवसा देणारे बटण नसलेलेच चांगले.

नोंदी आणि त्यांची जागा

अत्याचाराची किंवा पोलीस कारवाईची नोंद घेणारा अर्ज ठेवायचा असेल तर प्रत्येक रकान्यापुढे ‘हे कशासाठी’ असे विचारावे. नाव, नागरिकत्व, आधार क्रमांक, जन्मगाव यांपैकी काहीही मदतीसाठी लागत नाही. आधार कार्ड मिळवून देण्याचे काम संस्था करीत असेल तर ते ठरलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे, ऑनलाइन न करता कागदी अर्जावर करावे. २०२२ च्या आदेशाने त्या प्रक्रियेतही ओळख गोपनीय ठेवण्यास सांगितले आहे. एचआयव्हीविषयीची माहिती तर २०१७ च्या कायद्याने संरक्षित आहे, तिला ऑनलाइन अर्जात जागाच देऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. आपल्या सहाही भाषा त्या अनुसूचीत आहेत. अहवालात ‘अमुक गल्लीत नेपाळी बोलणाऱ्या २ महिला’ असा तक्ता छापला तर नाव न घेताही त्या दोघी सापडतात, म्हणून लहान आकडे एकत्र करूनच द्यावेत.

सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वी कंपनीच्या अटी शेवटपर्यंत वाचाव्यात. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये फोस्टा-सेस्टा हा, वापरकर्त्यांच्या लैंगिक व्यवसायाविषयीच्या मजकुरासाठी संकेतस्थळांनाही जबाबदार धरणारा कायदा झाल्यानंतर लैंगिक कामगारांनी वापरलेल्या अनेक सेवा बंद पडल्या. ‘स्विटर’ या त्यांच्या सामाजिक माध्यमाची सेवा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने त्याच महिन्यात थांबवली. संपूर्ण संकेतस्थळ साध्या स्थिर फाइलींचे असेल तर ते तासाभरात दुसरीकडे हलवता येते. त्यासाठी डोमेनची नोंदणी संस्थेच्याच नावावर असावी आणि तिचा पासवर्ड संकेतस्थळ बनवून निघून गेलेल्या स्वयंसेवकाकडे न राहता संस्थेतल्या दोन कार्यकर्त्यांकडे असावा.