गाडी सेल्फ घेईना? मेकॅनिकला फोन लावायच्या आधीची तयारी

गणपती जवळ आले की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, चंदगड साइडला घरोघरी हेच चालू असतंय. पोरगं पुण्याला नायतर बेंगळूरला, गाडी जूनपासून अंगणात पत्र्याखाली उभी, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी चावी फिरवली की नुसतं टिकटिकटिक. मग शेजारचे ढकलायला येतात आणि त्यातला एकजण हमखास सांगतो, बॅटरी गेली, नवीन घाला. घाला की, पण आधी बघा तर खरं. बऱ्याचदा बॅटरीचं टर्मिनल (वायर जोडायचं टोक) गंजलेलं असतं, नायतर अर्थिंग (मायनसपासून बॉडी-इंजिनला जाणारी पट्टी) सैल, आणि नवीन बॅटरी घालून पण आठवड्यात परत तेच.

तर पहिलं सामान जमवा. १० नंबरचा पाना (बऱ्याच गाड्यांना टर्मिनलला हाच बसतो), वायर ब्रश किंवा जुना टूथब्रश नि पॉलिश पेपर, खायचा सोडा, व्हॅसलीन, टॉर्च, दोन-चार जादा फ्यूज आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर, भारीतला नको. जंपर केबल घेताना मात्र पैसे वाचवू नका, बारीक तारेची केबल गरम होते पण गाडी काय उठत नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण चोर्ला घाटात गाडी बंद पडली तर तिथं रेंज नसते आणि गूगल काय कामाचं नाही.

हात लावायच्या आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून खिशात. बॅटरीजवळ बिडी-सिगरेट अजिबात नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आता काय आवाज येऊलालाय ते नीट ऐका, निम्मं काम तिथंच होतं. भरभर टिकटिक म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा जोड कच्चा. एकच ठोक आवाज आणि गप्प, तर सेल्फची मोटर, सोलेनॉइड (मोटरवरचा चुंबकाचा स्विच) नायतर जाड केबल. काहीच आवाज नाही पण डॅशबोर्ड झगमगतोय, तर रिले (फ्यूज बॉक्समधला छोटा डबीसारखा स्विच), फ्यूज, क्लचचा स्विच, किंवा चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखली नाही तर गाडी चालू न देणारी यंत्रणा (दुसरी चावी लावून बघा, बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल बदलून बघा). आणि इंजिन मस्त फिरतंय पण पेटत नाही तर बॅटरीला कशाला शिव्या घालताय, तो टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या फ्युएल पंपाचा फ्यूज, रिले नायतर सेन्सरचा विषय आहे. एक सोपी युक्ती, हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट पार मरतात, तर करंट कमी पडतोय. तसेच्या तसे राहतात, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही.

मग मीटर डीसी २० वर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली आली की पहिलं चार्ज करा, बाकीचं नंतर. सेल्फ मारताना कोणाला तर मीटरकडं बघायला सांगा, ९.६ च्या खाली जाऊ नये. चार्ज करून पण जातंय तर बॅटरी खरंच संपलीय, तिथं वाद नाही.

टर्मिनलवर जास्त वेळ घालवा. वरून स्वच्छ दिसतं पण क्लॅम्प काढला की आत काळा थर असतो, तो दोन्ही बाजूंनी घासा, पांढरी-हिरवी पावडर असेल तर कोमट पाण्यात सोडा घालून धुवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. आणि अर्थिंग तपासायचं असेल तर मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसवर, लाल सुई इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट दाखवला तर ती अर्थिंगची पट्टी गंजलीय, कणकुंबीसारख्या पावसात हे ठरलेलंच.

फ्यूज जळला असेल तर तेवढ्याच अँपचा घाला, चांदीचा कागद गुंडाळलात तर वायरिंग पेटेल. सेल्फच्या रिलेचा संशय असेल तर हॉर्नचा रिले काढून तिथं लावून बघा, पण नंबर एकच पाहिजे. बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायरी हातानं चाचपत जा, कुरतडलेली एक तरी सापडतेच.

सगळं ठीक आणि तरी बॅटरी उतरते? गाडी बंद असताना पण थोडा करंट ओढतेच, ०.०५ अँपपर्यंत चालतं. पण हिशोब बघा, ३५ अँपअवरची बॅटरी तेवढ्यावर पण महिन्याभरात रिकामी. म्हणजे जूनला लावलेली गाडी गणपतीला उतरलेली सापडणारच, त्यात कोणाची चूक नाही, जाताना मायनस काढून ठेवायचा.

जंप करताना लाल केबल प्लसला प्लस, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चालू झाली की मीटर लावा, साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा डायनॅमो) बॅटरी चार्ज करत नाही, मग घाटात जाऊ नका, सरळ गॅरेज गाठा. आणि तिथल्या मामाला कानडीत नुसतं "गाडी चालू आगवल्दु" (चालू होईना) सांगू नका, आवाज कसा होता आणि मीटरवर किती आलं तेवढं सांगा.