झाडांचा टँक लावायचाय? मासे आणण्याआधी एवढं हाताशी ठेवा

नाशिकमध्ये झाडांचा टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला अ‍ॅक्वेरियम, लावायला माझ्या मते नवरात्र ते दिवाळी हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात नळाला येणारं गढूळ पाणी तोवर निवळलेलं असतं, कडाक्याची थंडी अजून लांब असते आणि झाडांना मुळं धरायला महिना-दीड महिना निवांत मिळतो. या महिन्या-दीड महिन्यात टँकमध्ये मासे नसतील, हे घरातल्या लहानांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. ते मागे लागले की मोठ्यांचाही धीर सुटतो.

आधी जागा पक्की करा. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी बसतं. काच, वाळू आणि दगड धरले तर वजन 70 किलोच्या पुढे जातं, म्हणून टीपॉयवर किंवा टीव्हीच्या युनिटवर तो ठेवू नका. खाली सपाट, दणकट स्टँड हवा आणि काच व स्टँडच्या मध्ये थर्माकोलची शीट हवी. खिडकीतलं थेट ऊन टाळा. त्यानं झाडांआधी शेवाळच फोफावतं आणि एप्रिल-मे महिन्यात पाणी तापतं ते वेगळंच.

मग पाणी. शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. बादल्या भरून 24 तास उघड्या ठेवा, शिवाय दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन घरात असू द्या. बोअरचं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जड असतं. व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीला ते चालतं, जावा फर्नही निभावून नेतं. नुसतं आरओचं पाणी मात्र भरू नका. पिण्यासाठी ते कितीही चांगलं असलं तरी त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ निघून गेलेलं असतं आणि झाडांना ते लागतं.

वाळू किंवा बारीक खडी बादलीत घेऊन, धुतलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. थर पुढे दोन इंच, मागे तीन. दगड उचलून आणणार असाल तर जरा थांबा. आपला काळा बेसाल्ट निर्धोक असतो, पण नाशिकच्या आसपासच्या खाणींतल्या दगडांच्या पोकळ्यांमध्ये पांढरे, चमकदार स्फटिक असतात आणि त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड पाण्याचा जडपणा वाढवत राहणार, त्याला शोकेसमध्ये ठेवा.

पहिल्या टँकसाठी झाडं चिवटच घ्या: अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन, थोडं जावा मॉस. लाल पानांच्या झाडांचा मोह तूर्त आवरा, त्यांना प्रकाश आणि बहुधा कार्बन डायऑक्साइडही जास्त लागतो. गोदावरीतली पाणवेल उचलून आणू नका. ती पृष्ठभाग झाकून टाकते आणि खालच्या झाडांना उजेडच मिळत नाही. तसंच टँकमधली छाटलेली झाडं नदी-नाल्यात कधीही टाकू नका, वाळवून कुंडीत घाला.

लावताना सगळ्यात जास्त चुका अनुबियास आणि जावा फर्नच्या बाबतीत होतात. या झाडांना पेन्सिलीसारखं आडवं, हिरवट खोड असतं, त्याला रायझोम म्हणतात. पानं त्यातून वर येतात, मुळं खाली सुटतात. रायझोम वाळूत पुरला की तो मऊ पडतो, कुजतो आणि पानं देठासकट हातात येतात. म्हणून साध्या शिलाईच्या दोऱ्यानं तो दगडाला किंवा लाकडाला बांधा. मुळं पुढे स्वतःच पकड घेतात. जावा फर्नच्या पानामागे काळपट ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर पान तोडू नका, ती बीजाणूंची घरं असतात.

दहा-बारा दिवसांत क्रिप्टोकोरिनची पानं पारदर्शक होऊन विरघळतील. घाबरून उपटू नका. नर्सरीत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती जुनी पानं टाकून पाण्यातली नवी काढतात. सडलेलं पान कात्रीनं काढा, मुळाला हात लावू नका.

दिवा टायमरवर लावा. सुरुवातीला रोज 6 तास, नवी पानं दिसली की 8. त्याहून जास्त प्रकाश शेवाळाच्याच कामी येतो.

खताच्या बाबतीत नाशिककरांना आयती मदत आहे. घरात किंवा नात्यात कोणी ना कोणी द्राक्षबागायतदार असतोच आणि त्याला पानं वाचता येतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. जुनी पानं आधी पिवळी पडली, तर नत्र कमी. जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडून ती मोठी होत गेली, तर बहुधा पोटॅश. निदान त्याला विचारा, पण त्याच्या गोडाऊनमधलं 19:19:19 हे शेतीचं खत टँकमध्ये घालू नका. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं, अमोनिया माशांचा जीव घेतो. अ‍ॅक्वेरियमसाठीचं द्रवखत बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्यानं सुरू करा आणि क्रिप्टोकोरिनच्या मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खोचा.

थंडीसाठी 50 ते 100 वॉटचा हीटर आधीच घेऊन ठेवा. आपल्याकडे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. या झाडांना 22 ते 28 अंश मानवतं, माशांनाही. मे महिन्यात झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं, तेव्हा रोज थोडी भर घालावी लागते.

स्पंज फिल्टर पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि त्यातला स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच वस्ती करतात आणि क्लोरीन त्यांना मारतं. त्यांना खाद्य म्हणून दिवसाआड चिमूटभर माशांचं खाणं टाका, कुजून त्याचा अमोनिया होतो. वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. या काळात आठवड्यातून एकदा चतुर्थांश पाणी बदला आणि टेस्ट किटनं अमोनिया, नायट्राइट तपासा. हे खाणं टाकत असतानाही दोन्ही आकडे आठवडाभर शून्यावर राहिले आणि झाडांना नवी पानं फुटलेली दिसली की पाच-सहा गप्पी आणा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मासे जाळीनं सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता.