ऑइल चेंबरची गळती घरच्या घरी कशी थांबवावी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी काळपट डाग दिसला, की संशय पहिल्यांदा ऑइल पॅनवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील चेंबरवर जातो. इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी बसवलेला पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा भाग सर्वांत खाली असल्यामुळे वर कोठेही गळलेले ऑइल शेवटी त्याच्याच कडेवर येऊन थबकते, आणि दोष दुसऱ्या भागाचा असूनही ओला दिसतो तो चेंबर. म्हणून गळती खरोखर चेंबरचीच आहे, याची खात्री पटेपर्यंत त्याच्या एकाही बोल्टला पाना लावू नये, असा माझा आग्रह आहे. दिवसभराची मेहनत करून पॅकिंग, म्हणजे चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यातील गॅस्केट, बदलावे आणि दुसऱ्या दिवशी डाग तसाच दिसावा, याचे कारण बहुतेक वेळा घाईत केलेले निदान हेच असते.

आधी गाडीखाली पुठ्ठा पसरून डागाचा रंग पाहावा. पिवळसर तपकिरी किंवा काळे, बोटांना बुळबुळीत लागणारे द्रव्य इंजिन ऑइलचे असते. हिरवे किंवा गुलाबी पाणचट द्रव्य बहुधा कूलंटचे, तर स्वच्छ पाणी एसीचे असते. त्यानंतर थंड इंजिनाचा खालचा भाग डीग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, धुऊन पूर्ण कोरडा करावा, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी आणि इंजिन निवल्यावर विजेरीच्या उजेडात ओल्या जागेचा माग खालून वर काढत जावा. ओल जेथे सर्वांत उंचावर आढळते, तेथे गळतीचा उगम असतो. मात्र चालत्या गाडीतील वारा ऑइल मागे ढकलतो, हेही ध्यानात ठेवावे. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण), ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच या तीन जागा न चुकता पाहाव्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडत असेल, तर क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील गेलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि ते बदलण्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने ते घरी करण्याचे काम नव्हे.

थेंब ड्रेन बोल्टाच्या टोकावर जमत असेल, तर काम सोपे आहे. त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून ऑइल काढून नवा वायसर घालावा आणि बोल्ट बेताने आवळावा. जास्त जोर लावून चेंबरचे आटे गेले, तर लहानसे काम मोठे होऊन बसते.

चेंबर काढावाच लागणार असेल, तर गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावावी आणि जॅकने उचललेली गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. ऑइल कोमट असताना काढावे: थंड असेल तर ते सावकाश उतरते, तापलेले असेल तर हात भाजतो. हातमोजे घालावेत, कारण वापरलेले ऑइल वारंवार कातडीला लागणे आरोग्याला घातक आहे. ते गटारात किंवा मातीत न ओतता झाकणाच्या डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. काही गाड्यांत सायलेन्सरचा पाइप किंवा क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा दांडा) आडवा येतो आणि इंजिन उचलल्याशिवाय चेंबर निघत नाही. आपली गाडी तशी असेल, तर येथेच थांबून काम गॅरेजकडे सोपवावे.

बोल्ट सोडवताना लांब आणि आखूड बोल्ट कोणत्या जागेचे आहेत, ते पुठ्ठ्यावर आकृती काढून तसेच खोचून ठेवावेत. शेवटचे दोन बोल्ट काही आट्यांवर राहू द्यावेत, म्हणजे चिकटलेला चेंबर सुटताना अंगावर पडत नाही. तो सुटत नसेल, तर रबरी हातोडीने बाजूने ठोकावे. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि पुढे त्याच चऱ्यांतून ऑइल झिरपते. चेंबरच्या तळाशी चकाकणारे धातूचे कण सापडले, तर बेअरिंग झिजत असल्याची शंका घ्यावी आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. काळा गाळ साचला असेल, तर चेंबरबरोबर ऑइल पंपाची जाळीही स्वच्छ करावी.

दुरुस्तीचे यश खरे तर पृष्ठभागाच्या सफाईवर ठरते. जुने पॅकिंग आणि सिलिकॉन (सांधा बुजवणारा लेप) प्लास्टिकच्या खरवडणीने काढावे. फिरत्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्याची कणी इंजिनात गेल्यास बेअरिंग खराब होतात. वरची, म्हणजे इंजिनाची, कड खरवडताना पडणारे तुकडे आत राहू देऊ नयेत. शेवटी ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसून त्यांवर ऑइलचा अंशही राहिलेला नाही, हे पाहावे. पत्र्याच्या चेंबरची कड पूर्वी जास्त आवळल्यामुळे बोल्टाच्या छिद्रांभोवती उचललेली असते. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सपाट करावी. गंजून छिद्र पडलेला किंवा तडकलेला चेंबर बदलणेच योग्य, कारण इपॉक्सीचा लेप फार तर गॅरेजपर्यंत पोहोचवतो.

तयार पॅकिंग असेल, तर ते कोरडेच बसवावे. पुस्तिकेत सांगितले असल्यास फक्त कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका द्यावा. केवळ सिलिकॉनवर बसणाऱ्या चेंबरसाठी साधारण तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टांच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने ओढावी आणि पाकिटावर दिलेल्या मुदतीत चेंबर बसवावा. रेघ जाड झाल्यास जादा सिलिकॉन आत सुटून जाळीत अडकते आणि इंजिनाला ऑइल पुरेसे मिळत नाही.

सर्व बोल्ट हाताने लावून मग मधून टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टांना बहुधा आठ ते बारा न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. अचूक आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा. या टप्प्यावर जास्त जोर म्हणजे जास्त घट्टपणा, ही समजूत सोडावी लागते, कारण जोराने पॅकिंग पिळून बाहेर येते.

सिलिकॉन वाळण्याची मुदत पूर्ण झाल्यावरच नवे ऑइल भरावे आणि डिपस्टिकवर पातळी पाहावी. इंजिन सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा; विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. पुठ्ठा पुन्हा अंथरून शंभर किलोमीटरनंतर कडा तपासाव्यात. पॅकिंग नवे असूनही अनेक सांधे एकाच वेळी ओलावू लागले, तर क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) वायू बाहेर सोडणारा ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला आहे का, ते पाहावे, कारण आतला दाब बाहेर पडायला वाट उरली नाही की तो सांध्यांतून ऑइल ढकलतो.